अंबरनाथचें देवालय आणि वालधुनी

सुटींत सहकुटुंब स्थलदर्शनास निघावें व पाण्याच्या कांठचें प्राचीन वैभव मुलांना दाखवावें, ही हौस सर्वत्र सारखीच आहे. कालव्यांचें शहर व्हेनिस यासाठीं जगप्रसिद्ध आहे. तेथील सेंट मार्कच्या विद्यमान ख्रिस्तमंदिराचा आरंभ इ. स. १०६३ च्या सुमारास झाला. आपल्या अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे! त्यांत उत्तर कोंकणच्या शिलाहार घराण्यांतील मुम्मुणिराजाचें नांव आहे.

वालधुनीच्या कांठचें हें देवालय काळ्या पाषाणाचें, भूमिज शैलीचें व पश्चिमाभिमुख आहे. मंडपांतून पायऱ्या उतरून गर्भगृहांत जावें लागतें. बाहेरील भिंतींवरील मूर्ति कितीहि वेळ पाहाव्या, तरी तृप्ति होत नाहीं.

परंतु शेजारच्या नदीकडे कोणी मुलांना नेत नाहीं. कारण कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्यानें ती काळवंडली आहे. तीच पुढें उल्हासनगरांतून वाहत कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते. १९४९ सालीं सिंधी निर्वासितांच्या छावणीस उल्हासनगर हें नांव मिळालें, तें या उल्हास नदीवरूनच. सर्वस्व गमावून आलेल्यांच्या नव्या गांवास नदीनें नांव दिलें. त्या उपकाराची फेड आपण कशी केली?

जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९७४ सालीं झाला. पण कायद्यामागें लोकांचा आग्रह नसेल, तर तो कागदावरच राहतो. शिलाहारांनीं देवालय व नदी एकत्र पाहिलीं. पुढील पिढीस आपण त्यांतलें अर्धेंच दाखवणार काय?