ओनामा घरीच झाला होता



इथे अंथुर्ण्यात आमच्या नात्यातल्या एका सुनेने मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं. मंदिरात चर्चा सुरू झाली. एक काकू म्हणाल्या, "पोरगी अडाणी राहणार." दुसऱ्या म्हणाल्या, "बरं झालं, निदान संस्कार तरी होतील." मला दोन्ही पटेनात. घरी आले आणि आदिपुराण उघडलं.

नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी लिहिलेल्या या ग्रंथात भगवान ऋषभदेव आपल्या मुलांना स्वतः शिकवतात. आधी मुलींना, मग मुलांना. ब्राह्मी आणि सुंदरी यांना जवळ बसवून सोन्याच्या पाटीवर अक्षरं आणि अंक, दोन्ही शिकवले. सुरुवात सिद्धांना नमस्कार करून. आपण आजही कोणत्याही कामाचा 'ओनामा' केला म्हणतो ना, तो शब्द 'ॐ नमः सिद्धम्' यातूनच आला. जुन्या काळी पंतोजी धुळपाटीवर मुलांकडून 'ओ ना मा सी धं' गिरवून घ्यायचे.

मुलग्यांचे धडे मात्र वेगवेगळे. भरताला अर्थशास्त्र आणि नृत्यशास्त्र, वृषभसेनाला गायन-वादन, अनंतविजयाला चित्रकला, बाहुबलीला आयुर्वेद, धनुर्वेद, हत्ती-घोड्यांची आणि रत्नांची पारख. अक्षर-अंक सर्वांना, पुढचं ज्याचं त्याला.

पुढे आपल्या घरांत काय झालं? मुलगा पावकी, निमकी, दिडकी पाठ करून दुकानाच्या गादीवर बसला; रोजमेळ, खतावणी, मोडी वाचायला शिकला. मुलगी माजघरात ऐकून ऐकून शिकली. माझ्या आजीला भक्तामराचे ४८ श्लोक तोंडपाठ होते, एक मात्रा चुकत नसे. पण आजोबा गेल्यावर दुकानाचे कागद समोर आले तेव्हा तिने अंगठा उठवला. कशावर उठवला, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ब्राह्मीची भक्ती आपण ठेवली, सुंदरीचे अंक मुलींच्या हातून काढून घेतले.

हे सुधारलं तेही एका घरातूनच. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१–१९१४) यांची मुलगी मगनबाई तरुणपणीच विधवा झाली. त्या काळात विधवेला कोपरा दाखवत. शेठजींनी तिच्या हाती पुस्तक दिलं, घरीच संस्कृत आणि धर्मशास्त्र शिकवण्याची सोय केली. त्याच मगनबाईंनी पुढे मुंबईत श्राविकाश्रम चालवला, कितीतरी विधवांना आणि मुलींना शिकवून पायावर उभं केलं. आपल्या शेजारच्या सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहा यांनी हेच काम वाढवलं. घरात पेटलेला दिवा दाराबाहेर गेला, म्हणून आज तुम्ही-आम्ही लिहितो-वाचतो.

म्हणून मी त्या सुनेला शाळेबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "गणित कोण घेणार? विज्ञानाचं काय? गावातल्या इतर पोरींत ती खेळणार ना?" तिने वही दाखवली. सकाळी णमोकार आणि मराठी वाचन, मग गणित, दुपारी उसाच्या शेतात पाण्याच्या पाळीचा हिशेब, पानं-किडे ओळखणं, संध्याकाळी मैदान. चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसवायचं, हेही लिहून ठेवलेलं.

मी एकच भर घातली. दर महिन्याला घरातलं एक खरं बिल, बँकेचं पासबुक किंवा सातबारा तिच्यासमोर ठेव आणि वाचून घे. आजीचं राहिलेलं ते पणतीने पुरं करावं.

शाळा असो की घर, धडे निवडताना आपण स्वतःला विचारूया : मुलाला जे शिकवलं असतं, ते सगळं हिला मिळतंय का?

जय जिनेंद्र.