उत्कृष्ट

‘उत्कृष्ट’ म्हणजे वर ओढलेले. संस्कृत ‘कृष्’ धातूचे अर्थ दोन: ओढणे आणि नांगरणे. ‘कृषी’ त्यातूनच आली, आणि ‘निकृष्ट’ तर सख्खा भाऊ. फरक ‘उत्’ की ‘नि’ एवढाच. धानाच्या गोंदियात नांगरटीचे मोल कुणी सांगायला नको.

पण शिक्षकाची वर्गातली नांगरट सरकारी कागदावर दिसत नाही. कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या २०१७च्या चौकटीत संलग्न महाविद्यालयाच्या १००० गुणांपैकी ३५० अध्ययन-अध्यापन आणि मूल्यमापनाला होते. त्यात विद्यार्थी-शिक्षक प्रमाण, पीएचडीधारक, निकालाची टक्केवारी. देवरीकडच्या पोरासाठी तेच समीकरण तिसऱ्यांदा फळ्यावर सोडवणाऱ्या सरांना रकाना कुठला? ‘भरलेली पदे’ हा निकष तर मला भलताच विनोदी वाटतो: अनुदानित कॉलेजात भरतीला परवानगी द्यायची सरकारने, आणि गुण कापायचे कॉलेजचे!