लिनक्सच्या गाभ्याची चालती दुरुस्ती

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, एकदा स्मृतीत उतरला की यंत्र बंद होईपर्यंत तोच कारभार पाहतो. त्यात दोष आढळल्यास सुधारलेला कर्नेल डिस्कवर ठेवून यंत्र पुन्हा सुरू करावे, हीच दीर्घकाळची रीत होती. घरच्या संगणकाला तिची तोशीस लागत नाही. जेथे शेकडो माणसे एकाच सर्व्हरवर विसंबून असतात तेथे मात्र रीबूट लांबणीवर पडतो, आणि जगजाहीर झालेला दोष तेवढा काळ उघडाच राहतो.

जेफ अर्नोल्ड याला अमेरिकेतील एमआयटीमध्ये विद्यार्थी असताना हाच अनुभव आला. सर्व्हरची दुरुस्ती वापरकर्त्यांच्या सोयीसाठी आठवड्याच्या अखेरीपर्यंत थांबवली गेली आणि तत्पूर्वीच घुसखोर आत शिरले. यातूनच ‘केस्प्लाइस’ जन्मास आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात मे २००५ ते मे २००८ या काळातील ६४ सुरक्षा-दुरुस्त्या तपासल्या आहेत. पैकी ५६ दुरुस्त्या एकही नवी ओळ न लिहिता चालत्या कर्नेलमध्ये बसवता आल्या.

तंत्र असे की, सदोष फंक्शन खोडायचे नाही. नवे फंक्शन अन्यत्र ठेवून जुन्याच्या दारातूनच वाट वळवायची. जुने शहर न पाडता विजापूर रस्त्याकडे जुळे सोलापूर वसले, तसेच काहीसे हे आहे. कठीण प्रश्न निराळाच: वाट वळवावी केव्हा? जुन्या फंक्शनात कोणी अडकलेले असताना ती वळवल्यास घोटाळा होतो. २०११ मध्ये ओरॅकलने केस्प्लाइस विकत घेतल्यानंतर, २०१४ मध्ये दोन प्रतिस्पर्धी उत्तरे पुढे आली. रेड हॅटचे ‘केपॅच’ सारे यंत्र क्षणभर थांबवून तपासणी करी. सुसेचे ‘केग्राफ्ट’ एकेका प्रक्रियेला सवडीने नव्या वाटेवर नेई. एप्रिल २०१५ च्या लिनक्स ४.० मध्ये दोहोंसाठी समाईक पाया घातला गेला, आणि २०१७ च्या ४.१२ मध्ये दोन्ही पद्धतींचा मेळ बसला. हा समेट पहिल्या शोधाइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

तथापि यामुळे रीबूट कालबाह्य झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. दुरुस्तीने स्मृतीतील माहितीची मांडणीच बदलत असेल, तर वाट वळवून भागत नाही. शिवाय चालती दुरुस्ती स्मृतीपुरतीच असते; वीज जाताच ती पुसली जाते, म्हणून डिस्कवरील कर्नेलही बदलावाच लागतो. पुरवठादारही एका कर्नेलसाठी असे पॅच ठरावीक मुदतीपर्यंतच देतात. मुदत संपली की रीबूट येतोच. त्याचा दिवस मात्र आता व्यवस्थापकाला निवडता येतो.