पंधरा आणि पन्नासच्या मध्ये

दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या पोस्टिंगवर माझ्याकडे जुनी सॅन स्टॉर्म होती. गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबरग्लासची बॉडी, 1149 सीसीचं रेनॉ इंजिन. फौजी पगाराला झेपेल अशी स्पोर्ट्स कार आपल्याकडे दुसरी कुठली होती?

फायबरग्लास गंजत नाही, तडकतो. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग कडा घासून मॅट आणि रेझिनचे थर द्यायचे. दिल्लीच्या मे महिन्यात हार्डनर जरा जास्त पडला की रेझिन डब्यातच दगड! होझ, सील, बेअरिंग मात्र काश्मिरी गेटला. 14 सप्टेंबर 1857 ला सॅपर्सनी बारूद लावून उडवलेला तोच दरवाजा. आज त्याच्या आसपास स्पेअर पार्टचा बाजार आहे. जुना पार्ट खिशात घेऊन माप जुळवत हिंडायचं.

गाडी पार्टअभावी थांबली नाही. 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या एनसीआरमध्ये चालवायच्या नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये बजावलं. व्हिंटेज म्हणून मान मिळतो तो, 2021 च्या नियमांप्रमाणे, 50 वर्षांनंतर. मधली 35 वर्षं गाडीने काय करायचं?

एनओसी काढली, ट्रकवर चढवून साताऱ्याला धाडली. महिन्याभरात धाकट्याचा फोन: "दादा, रेडिएटरची होझ गेली. काश्मिरी गेटला बघतोस का?"