हातांना शिकविलेली विद्या

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा या स्मरणिकेत अन्यत्र आलेलाच आहे. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, ग्रंथालय आणि संक्रांतीची हळदीकुंकवे यांचा हा इतिहास आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. त्याच्या शेजारी आणखी एका इतिहासाला थोडी जागा मिळावी, असे आम्हांस वाटते. आग, पूर, भूकंप, चेंगराचेंगरी यांसारख्या प्रसंगी उपयोगी पडणारी विद्या तरुणांच्या हातांना शिकविण्याचा जो उद्योग या देशात शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे, त्याचा हा इतिहास होय. मराठी मंडळाच्या स्मरणिकेत तो का यावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या प्रवाहाचा एक प्रमुख झरा पुण्यात उगम पावला आणि त्याचे पाणी मात्र हरिद्वार, प्रयाग, चंपारण अशा दूरदूरच्या भूमीवर खेळले. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा वारसा परका नाही.

१२ जून १९०५ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची स्थापना केली. देशसेवेसाठी आयुष्य वाहून घेणारे सुशिक्षित तरुण तयार करावेत, हा तिचा हेतू होता. १९०९ साली हृदयनाथ कुंझरू हे काश्मिरी घराण्यातील, परंतु उत्तर हिंदुस्थानात वाढलेले तरुण गृहस्थ या संस्थेत दाखल झाले. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले निवर्तले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी हरिद्वारला कुंभमेळा भरला. यात्रेकरूंच्या सेवेसाठी सोसायटीने स्वयंसेवकांचे एक पथक तेथे पाठविले. त्याचे प्रमुख कुंझरू होते आणि वैद्यकीय बाजू डॉ. देव यांच्याकडे होती. दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच परतलेले गांधीजी आपल्या फिनिक्स आश्रमातील मंडळींसह या पथकाच्या मदतीस गेले होते. आत्मचरित्रात त्यांनी त्याचे वर्णन केले आहे. डॉ. देव यांनी शौचासाठी चर खणवून घेतले होते आणि ते वेळोवेळी मातीने झाकण्याचे काम गांधीजींच्या मंडळींनी आपल्याकडे घेतले. लाखोंच्या मेळ्यात पटकीसारख्या साथीला आवर घालावयाचा, तर घोषणांपेक्षा हाती फावडे घेतलेले चार तरुण अधिक कामाचे, हा धडा तेथे प्रत्यक्ष गिरविला गेला.

दोन वर्षांनी, १९१७ साली, हेच डॉ. देव चंपारणात दिसतात. निळीच्या प्रश्नासाठी गेलेल्या गांधीजींनी तेथील खेड्यांत शाळा काढल्या आणि त्यांसाठी बाहेरून स्वयंसेवक बोलाविले. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आणि आणखीही काही मराठी मंडळी त्या परमुलखात जाऊन राहिली. डॉ. देव यांनी आखलेली औषधयोजना मोठी विचार करण्यासारखी आहे. प्रत्येक केंद्रावर औषधे तीनच: एरंडेल, क्विनीन आणि गंधकाचे मलम. जीभ पांढरी दिसली किंवा कोठा साफ नसला तर एरंडेल. ताप असेल तर एरंडेल देऊन मग क्विनीन. खरूज वा फोड असतील तर ती जागा स्वच्छ धुऊन मलम. आजार याहून अवघड दिसला तर डॉक्टरांना विचारावयाचे. वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या माणसालाही बिनचूक करता येईल एवढेच काम त्याच्यावर सोपवावे, ते त्याच्याकडून प्रत्यक्ष करवून घ्यावे आणि आपली मर्यादा कोठे संपते हेही त्याला शिकवावे, अशी ही पद्धत होती. आजच्या प्रथमोपचार वर्गाचे सारे मर्म या तीन बाटल्यांत आलेले आहे.

याच सुमारास बालवीर चळवळ हिंदुस्थानात मूळ धरीत होती. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमध्ये तिचा प्रारंभ केला आणि १९०९ मध्ये ती बंगलोरास पोहोचली. परंतु आरंभी तिचे दरवाजे गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांनाच खुले होते. देशी मुलांसाठी श्रीराम वाजपेयी यांनी १९१३ साली शहाजहानपूर येथे पथक काढले. ॲनी बेझंटबाईंनी १९१६ मध्ये मद्रासेत स्वतंत्र संस्था उभारली. १९१८ साली पंडित मदनमोहन मालवीय, कुंझरू आणि वाजपेयी यांनी प्रयागच्या सेवा समितीची बालवीर संघटना स्थापिली. सहा-आठ मुलांची टोळी, तिचा नायक त्यांच्यातलाच आणि शिक्षण सारे कृतीतून, अशी या चळवळीची रचना होती. ताण पडला तरी न सरकणारी गाठ मारणे, दोन बांबू व एक घोंगडी यांचे स्ट्रेचर करणे, त्रिकोणी पट्टीने मोडका हात गळ्यात बांधणे, बादल्यांची साखळी धरून आग विझविणे, हे सारे पुस्तकात वाचून भागत नाही. गाठ दहा वेळा चुकावी लागते, तेव्हा अकराव्या वेळी ती अंधारातही जमते.

दुसऱ्या महायुद्धाने या शिक्षणाला निराळे वळण दिले. १९४२ च्या एप्रिलमध्ये विशाखापट्टण व काकीनाडा येथे आणि डिसेंबरमध्ये कलकत्त्यावर जपानी बाँब पडले. शहरोशहरी वॉर्डन नेमले गेले आणि बादलीत बसवून हाताने चालवावयाचे लहान पंप वापरण्याचे शिक्षण सुरू झाले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण वेचले. आजही १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात गृहरक्षक दल उभे राहिले. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या लष्करी शिक्षणाचा विचार करण्यासाठी सरकारने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते हृदयनाथ कुंझरू! त्या समितीच्या शिफारशींतूनच १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना जन्मास आली आणि पुढच्या वर्षी तीत मुलींनाही प्रवेश मिळाला. १९५० साली बालवीरांच्या विखुरलेल्या संस्था एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना झाली, तेव्हाही तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त कुंझरूच होते. हरिद्वारच्या पथकापासून छात्रसेनेपर्यंत एकच धागा असा अखंड गेलेला आहे आणि त्याचे एक टोक पुण्यात आहे.

स्वातंत्र्यानंतर या शिक्षणाचे माहेरघर नागपूर झाले. १९५७ साली तेथे केंद्रीय आपत्कालीन साहाय्य प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. पुढे तीच राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली आणि अलीकडे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत विलीन झाली. अग्निशमन सेवेचे राष्ट्रीय महाविद्यालयही त्याच शहरी आहे.

मात्र या इतिहासात एक दुखरी जागा आहे. भय दाटले की शिक्षणाला भरती येते आणि भय ओसरले की ओहोटी लागते. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर गृहरक्षक दल देशभर पसरले आणि १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची झाली. १९६८ साली नागरी संरक्षणाचा कायदा झाला, पण त्याच वर्षी ती सक्ती उठली. १९७१ च्या युद्धात काचांना काळे कागद चिकटविणारी आणि भोंगा वाजताच दिवे मालविणारी शहरे पुढे ते सारे विसरून गेली. शत्रूचे विमान न आले तरी संकटे यावयाची थांबत नाहीत, हे मात्र लक्षात राहिले नाही.

त्याची किंमत आपण मोजली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी पुण्यात शिरले, ते भर दिवसा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला, तो पहाटे चारच्या आत, गाढ झोपेत. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार यांखाली हजारो माणसे गाडली गेली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, तेव्हा अंजार येथे प्रजासत्ताकदिनाच्या फेरीस निघालेली शाळकरी मुले अरुंद गल्लीत ढिगाऱ्याखाली सापडली. अशा वेळी बाहेरची पथके पोहोचण्यास काही तास, कधी दिवसही जातात. पहिले हात शेजाऱ्यांचेच असतात. ते हात शिकलेले असतील तर माणूस वाचतो. नसतील तर मायेपोटी केलेली ओढाताणही मोडलेल्या कण्याचा घात करते.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच देशात आहे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले, पूर्वसूचनेची व्यवस्था लावली आणि गावोगावच्या तरुणांना शोध, सुटका व प्रथमोपचार यांचे शिक्षण दिले. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' वादळ आले, तेव्हा लाखो लोक आधीच हलविले गेले आणि बळींची संख्या पन्नासच्या आत राहिली. सारे श्रेय प्रशिक्षणाचे नव्हे हे खरे. परंतु सूचना पोहोचली तरी म्हातारीला उचलून निवाऱ्यात नेणारे हात गावातच लागतात.

२००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. २००९ च्या दुरुस्तीने नैसर्गिक आपत्तींतील कार्यही नागरी संरक्षणाच्या कक्षेत आले. २०१६ पासून 'आपदा मित्र' योजनेखाली प्रथम ३० पूरप्रवण जिल्ह्यांत स्वयंसेवकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ७ मे २०२५ रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव योजण्यात आला, तेव्हा अनेक वृद्धांना १९७१ चे भोंगे आठवले. भरती पुन्हा आली आहे. ती टिकविणे हा खरा प्रश्न आहे.

टिकविणे म्हणजे प्रमाणपत्र भिंतीवर लावणे नव्हे. ही विद्या स्वतःही बदलत असते. बुडालेल्या माणसाचा श्वास सुरू करण्यासाठी एके काळी त्याला पालथे घालून पाठ दाबण्याची शेफर यांची रीत शिकवीत. १९३२ नंतर होल्गर नील्सन यांची, पाठ दाबून दंड उचलण्याची रीत आली. १९५० नंतरच्या दशकात तोंडाने श्वास देण्याची पद्धत मान्य झाली आणि १९६० पासून छातीवर दाब देण्याची. आज मिनिटाला १०० ते १२० या गतीने, छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल असा दाब देण्यास सांगतात. हा आकडा वाचून कोणालाही पाठ होईल, पण पाच सेंटिमीटर म्हणजे किती जोर, हे पुतळ्यावर हात टेकल्यावाचून कळत नाही. बदलीच्या नोकरीत आम्ही अनेक शहरांतील कचेऱ्या पाहिल्या. भिंतीवर लाल नळकांडे बहुतेक ठिकाणी असते आणि त्यावरील तारीखही नेमाने बदललेली असते. परंतु त्याची पिन स्वतःच्या हाताने काढून पाहिलेला माणूस शोधावा लागतो.

आपली गोष्ट तर अधिकच निकडीची आहे. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील, भाऊबंद शेकडो कोसांवर आहेत. रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत कळ आली किंवा स्वयंपाकघरात पेट घेतला, तर गावाकडचा काका धावून येऊ शकत नाही. शेजारच्या दाराची घंटा वाजवावी लागते आणि त्या दारामागे आपलाच कोणी तरुण वा तरुणी असेल तर तिला काय येते, यावर सारे अवलंबून असते. तो शेजारी मराठी असेलच असे नाही आणि आपणही केवळ मराठी शेजाऱ्यासाठीच धावावे असे नाही. चंपारणात गेलेल्या बायकांनी कोणाची भाषा विचारली नव्हती.

मंडळापाशी सभागृह आहे, मुले आहेत, सुट्टीचे दिवस आहेत. वर्षातून दोन रविवार नागरी संरक्षण दलाच्या वा अग्निशमन केंद्राच्या प्रशिक्षकांना पाचारण करावे. गणेशोत्सवाच्या गर्दीचे नियोजन प्रशिक्षित मुलामुलींच्या टोळ्यांकडे सोपवावे. दरवर्षी जुन्यांनी नव्यांना शिकवावे आणि स्वतःही पुन्हा शिकावे. यासाठी मोठा निधी लागत नाही. काही दोऱ्या, पट्ट्या, दोन बांबू, एक घोंगडी आणि सरावाचा एक पुतळा पुरे. पन्नास वर्षे मंडळाने आपल्या मुलांच्या जिभेवर मराठी राखली. पुढील वर्षांत त्यांच्या हातांतही काही राखावे, एवढीच आमची विनंती आहे.