भाऊसाहेबांचा शोध

हरवलेल्या माणसाचा शोध दोन प्रकारांनीं घ्यावा लागतो. तो कोठें गेला हें विचारीत जाणें हा एक; आणि ‘तो मीच’ म्हणून कोणी पुढें आला तर त्याची पारख करणें हा दुसरा. सदाशिवराव भाऊंच्या बाबतींत मराठी राज्यास हे दोन्ही शोध करावे लागले.

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले. त्यांचें प्रेत ओळखलें गेलें व त्यांच्याविषयीं संशय उरला नाहीं. भाऊसाहेब मात्र गर्दींत शिरले ते आपल्या लोकांस पुन्हां दिसले नाहींत.

पहिला शोध रणांगणावरच झाला. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेला दक्षिणी ब्राह्मण काशीराज पंडित यानें आपल्या फारसी वृत्तांतांत त्याची हकीकत दिली आहे. प्रेतांत मस्तक नसलेलें एक धड सांपडलें. तें उचलतां खालीं तीन मोत्यें मिळालीं. मग अंगावरच्या खुणा पाहिल्या. पाठीवर मुजफरखानाच्या कटाराचा जुना व्रण होता, मांडीवर काळा डाग होता, आणि नित्याच्या सूर्यनमस्कारांनीं गुडघ्यांस व हातांस घट्टे पडलेले होते. मस्तक मागाहून मिळालें व त्यासही अग्नि देण्यांत आला.

पुरावा चांगला होता. पण तो पुण्यापासून शेंकडों कोस दूर, शत्रूच्या गोटांत, घरच्या माणसांच्या दृष्टीआड घडला होता. उत्तरेकडून येणारीं पत्रें एकमेकांशीं जुळत नव्हतीं. भाऊसाहेब निसटून गेले, अशाही बातम्या येत. मल्हारराव होळकर सुखरूप निघाले होते, सुरजमल जाटानें पळून आलेल्यांस आश्रय दिला होता. तेव्हां अशी बातमी एकदम खोटी म्हणवत नसे. नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजीं वारले. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई त्या मोहिमेंत बरोबर होत्या. पतीचें मरण त्यांनीं मानलें नाहीं. १७८३ सालीं देह ठेवीपर्यंत त्यांनीं कपाळींचें कुंकू पुसलें नाहीं.

ही मोकळी राहिलेली जागा एका तोतयानें हेरली. सुखलाल नांवाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊसाहेब असें सांगूं लागला. थोरल्या माधवरावांनीं त्याची चौकशी केली व तो तोतया ठरल्यावर त्यास जिवें न मारतां किल्ल्यावर कैदेंत ठेवलें. पुढें माधवराव वारले, नारायणरावांचा खून झाला, आणि दोन वर्षांच्या सवाई माधवरावांच्या नांवें कारभार चालूं लागला. अशा वेळीं, १७७६ सालीं, रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानें तोतयास मोकळें केलें. पाहतां पाहतां कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले. ज्यांच्या घरचें माणूस पानिपतावरून परतलें नव्हतें, त्यांना भाऊसाहेब आले हें ऐकणें गोड वाटलें असल्यास नवल नाहीं. भाऊसाहेब येऊं शकतात तर आपलाही कोणी येईल!

महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं बंड मोडलें. तोतया कुलाब्याकडे पळाला व तेथें आंग्र्यांनीं त्यास धरलें. पुण्यांत पुन्हां चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्यें त्यास देहान्त शिक्षा देण्यांत आली.

या चौकशीनें सुखलाल हा भाऊसाहेब नव्हे, एवढें ठरलें. भाऊसाहेबांचें काय झालें, या पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्या व्रणाच्या, डागाच्या व घट्ट्यांच्या हकीकतींत आहे. काशीराजानें आपला वृत्तांत १७८० च्या सुमारास लिहिला. त्या वेळीं तोतयास मरून चार वर्षें होत आलीं होतीं, आणि ज्यांनीं ती हकीकत सर्वांच्या आधीं वाचावयास हवी होती, त्या पार्वतीबाई अजून हयात होत्या.