रोख्यामागचा हिशेब पाहणारे न्यायाधीश

मागच्या बैठकीत ठाकुरवाडीच्या एका ताईंनी विचारलं, “खालच्या कोर्टातला माणूस हायकोर्टाचा न्यायाधीश होतो, तो कसा?” म्हणून आज न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याबद्दल बोलू.

रानडे 1842 साली निफाडला जन्मले. मुंबईत शिकले, वकिलीची परीक्षा पास झाले आणि 1873 मध्ये पुण्याला दुय्यम न्यायाधीश झाले. काम चोख होतं. पण पुण्यातल्या सार्वजनिक सभेत शेतकऱ्यांच्या हलाखीवर ते बोलायचे, लिहायचे. ते सरकारला खुपायचं.

1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. फडके आपल्या शेजारच्या, पनवेलजवळच्या शिरढोणचे. बंडाशी रानड्यांचा संबंध नव्हता, तरी संशय आला. त्यांची बदली धुळ्याला झाली आणि त्यांची पत्रं फोडून वाचली जाऊ लागली. न्यायाधीशाचीच पत्रं! रानडे गप्प राहून काम करत राहिले.

त्याच वर्षी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्याआधी 1875 मध्ये सुप्याला लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. अंगठा उठवून घेतला की किती घेतलं नि किती फेडलं, याला काही पुरावाच उरायचा नाही. नव्या कायद्यानं न्यायाधीशाला सांगितलं, रोख्यावरचा आकडा तसाच धरू नका, व्यवहार पहिल्यापासून तपासा. सावकारानं पावती द्यायची, मागितलं तर पासबुक द्यायचं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद. कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चारच जिल्ह्यांना होता. म्हणजे नगरचं कर्जत त्यात होतं, आपलं नव्हतं.

या कायद्याखालच्या कोर्टांची तपासणी करायचं काम 1881 पासून रानड्यांकडे आलं आणि 1887 मध्ये ते खास न्यायाधीश झाले. गावोगावच्या कोर्टांत फिरून दप्तरं पाहायची, निकाल तपासायचे. आम्हाला वाटतं, त्यांची खरी नोकरी हीच.

हायकोर्टाची जागा मात्र लवकर मिळाली नाही. 1889 मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग तिथं न्यायाधीश झाले. ते रानड्यांपेक्षा आठ वर्षांनी लहान. 1893 मध्ये तेलंग वारले, तेव्हा त्या जागी रानड्यांची नेमणूक झाली. वीस वर्षांपूर्वी पुण्यात दुय्यम न्यायाधीश झालेला माणूस कर्जतवरूनच जाणाऱ्या रेल्वेनं मुंबईला गेला. 1901 मध्ये ते वारले.

एक गोष्ट लपवायची नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी, पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. लोकांनी बोल लावला, तो बरोबरच होता. त्यांनी रमाबाईंना घरी लिहायला-वाचायला शिकवलं. त्याच रमाबाईंनी पुढं पुण्याचं सेवासदन उभं केलं आणि 1910 मध्ये आपल्या संसाराच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. धुळ्यातली फोडलेली पत्रं त्यातच आहेत. पुढच्या बैठकीत आम्ही ते आणतो, ज्यांना वाचता येतं त्यांनी दोन-दोन पानं मोठ्यानं वाचायची.